फ्रेंच शिकवा, पण मराठीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगावात मी बऱ्याच वर्षांपासून फ्रेंच शिकवते. अकरावी-बारावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेतलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करणारे नोकरदारही येतात. चोपडा, यावल, रावेरकडून एसटीने येणारी मुलं त्यात बरीच असतात आणि त्यांतली बहुतेक दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. त्यांच्या वतीने एक मागणी मांडायची आहे. या मुलांना फ्रेंचचं व्याकरण इंग्रजीतून शिकवू नका, मराठीतून शिकवा. मराठीच्या अभिमानापोटी मी हे म्हणत नाही. फ्रेंच लवकर आणि नीट यावी म्हणून म्हणते आहे. सगळं व्याकरण या पत्रात मावणार नाही, म्हणून दर्शक विशेषणांचा, म्हणजे 'हा आंबा', 'ते पुस्तक' यांतल्या 'हा', 'ते'सारख्या शब्दांचा, एकच धडा घेते. पहिल्या सहामाहीतच तो येतो आणि मुलं तिथेच अडखळतात.

आमच्या भागात हा धडा बहुतेक ठिकाणी असा शिकवला जातो. फळ्यावर चार शब्द लिहायचे: 'स' (स्पेलिंग सी-ई), 'सेत' (सी-ई-टी), पुन्हा 'सेत' (सी-ई-टी-टी-ई) आणि 'से' (सी-ई-एस). शेजारी इंग्रजीतले धिस, दॅट, दीज, दोज हे चार शब्द मांडायचे आणि म्हणायचं, पाठ करा. इकडे चार, तिकडे चार. मुलं साहजिकच एकासमोर एक जोड्या लावतात. माझ्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीच्या वहीत नेमकं हेच होतं: 'स' म्हणजे जवळचं, 'सेत' म्हणजे लांबचं. 'ते पुस्तक' लिहायला सांगितलं, तर तिने 'सेत लिव्र' लिहिलं. लिव्र म्हणजे पुस्तक, फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. पुस्तक हातात असो की कपाटावर, ते 'स लिव्र'च. मुलगी हुशार होती. तिला दिलेला तक्ताच चुकीचा होता.

इंग्रजीतले हे चार शब्द वस्तू जवळ आहे की लांब आणि एक आहे की अनेक, एवढंच सांगतात. वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी, याचं इंग्रजीला काही देणंघेणं नाही. फ्रेंचचे चार शब्द लिंग आणि वचन सांगतात, आणि जवळ-लांब ते मुळात सांगतच नाहीत. दोन्हीकडे चार-चार शब्द आहेत हा योगायोग आहे, आणि त्याच योगायोगावर धडा उभा केला जातो.

आता तीच मुलगी मराठीत काय करते ते पाहा. हा कापूस, ही मिरची, हे वांगं. नाम बदललं की त्याच्याआधीचा शब्द बदलतो, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. शाळेची पायरी न चढलेली तिची आजी अहिराणीत 'हाऊ' आणि 'हाई' जिथल्या तिथे वापरते. फ्रेंचच्या दर्शक विशेषणांचा गाभा हाच आहे: पुढच्या नामाचं लिंग पाहा आणि मग शब्द निवडा. इंग्रज मुलाला ही सवय नव्याने लावावी लागते. आपल्या मुलांच्या जिभेवर ती जन्मापासून आहे, आणि आपण तिला बाजूला सारून त्यांना आधी इंग्रज मुलाच्या जागी नेऊन बसवतो.

मी वर्गात पहिल्या दिवशी तक्ता काढतच नाही. मुलांना त्यांच्या गावातल्या, शेतातल्या वस्तू विचारते. कापूस मराठीत पुल्लिंगी, फ्रेंचमध्येही पुल्लिंगी: 'स कोतों'. मिरची आपल्याकडे स्त्रीलिंगी, त्यांच्याकडे पुल्लिंगी: 'स पिमाँ'. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे स्त्रीलिंगी: 'सेत ल्यून'. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपली सगळी 'हे'वाली नामं दोन घरांत वाटली जातात. हे केळं स्त्रीलिंगात जातं, 'सेत बानान'. हे वांगंही स्त्रीलिंगात, 'सेत ओबेर्जिन'. हे सोनं मात्र पुल्लिंगात. कोणतं नाम कुठे जाईल हे मराठीवरून ओळखता येत नाही, ते पाठच करावं लागतं, आणि हे मी मुलांना स्पष्ट सांगते. पण 'लिंग पाठ करायचं' म्हटल्यावर मराठी मुलाला त्यात नवल वाटत नाही. टेबल स्त्रीलिंगी का, असं विचारत ते थांबत नाही, कारण आपल्याकडे खुर्ची स्त्रीलिंगी आणि पलंग पुल्लिंगी का, हे तरी कोण विचारतं?

नद्यांचं उदाहरण मला फार आवडतं आणि ते खानदेशातच शोभतं. समुद्राला मिळणाऱ्या मोठ्या नदीला फ्रेंचमध्ये 'फ्लव' म्हणतात, ते पुल्लिंगी. दुसऱ्या नदीला जाऊन मिळणारी ती 'रिव्हिएर', स्त्रीलिंगी. तापी सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते, म्हणून ती 'स फ्लव'. गिरणा, वाघूर, पांझरा तापीला मिळतात, म्हणून 'सेत रिव्हिएर'. नकाशा समोर ठेवून मुलं एकेका नदीला 'स' की 'सेत' लावत बसतात, आणि त्यांच्या लक्षात येतं की शब्द निवडायचा तो आपण वापरणार आहोत त्या नामाकडे पाहून. तापीला साधं 'रिव्हिएर' म्हटलं, तर 'सेत' लागणार. तापी आपल्याला माय वाटते म्हणून फ्लवच्या आधी 'सेत' येणार नाही.

खरी अडचण येते ती दुसऱ्या शब्दाशी, सी-ई-टीवाल्या 'सेत'शी. नाम पुल्लिंगी आहे, मग 'स' का नाही? इंग्रजीतून शिकवणारे इथे 'अपवाद' म्हणून पुढे जातात. अपवाद कसला? पुल्लिंगी शब्द स्वराने सुरू झाला की दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये 'त' येतो. आर्ब्र म्हणजे झाड, त्याचं 'सेतार्ब्र'. सोन्याचं 'ओर', म्हणून 'सेतोर'. कांद्याचं 'ओन्यों', म्हणून 'सेतोन्यों'. ओतेल आणि ओम (माणूस) यांचं स्पेलिंग एचने सुरू होतं, पण तो एच उच्चारला जात नाही, म्हणून 'सेतोतेल', 'सेतोम'.

दहावीला संस्कृत घेतलेल्या मुलांना हे सांगताना मला फार आनंद होतो, कारण त्यांना ते आधीच ठाऊक असतं. संस्कृतात 'एषः' आणि 'सः' यांचा विसर्ग पुढे व्यंजन आलं की गळतो. संधी केला की 'एष बालकः', 'स गच्छति'. पुढे 'अ' आला की तोच शब्द वेगळा होतो, 'सोऽहम्'. पाणिनीने यासाठी स्वतंत्र नियम सांगितला आहे. म्हणजे दाखवणारा शब्द पुढच्या ध्वनीकडे पाहून रूप बदलतो, हे आपल्या मुलांनी संधी सोडवताना अनुभवलेलं असतं. दोन्ही भाषांचे नियम वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण 'पुढचा ध्वनी ऐक, मग ठरव' ही शिस्त एकच आहे. हे सांगायला एक मिनिट लागतं, आणि 'अपवाद' हा शब्द वहीतून कायमचा जातो.

पुढचा ध्वनी म्हणजे लगेच पुढे येणाऱ्या शब्दाचा ध्वनी, मग ते नाम असो की विशेषण. बाजाराला 'मार्शे' म्हणतात, म्हणून 'स मार्शे'. पण 'हा जुना बाजार' म्हणायचं तर मध्ये स्वराने सुरू होणारं 'आँसियाँ' येतं आणि 'सेत आँसियाँ मार्शे' होतं. उलट 'सेतोतेल', पण 'हे छोटं हॉटेल' म्हणताना 'स पती ओतेल'. परीक्षेत मुलांचे मार्क इथे जातात. नियम न कळल्याने ती 'ओतेल म्हणजे सेत' एवढंच पाठ करतात आणि मध्ये शब्द आला की फसतात. 'एरो', म्हणजे वीर, या शब्दाच्या एचआधी मात्र 'त' येत नाही, 'स एरो'च म्हणायचं. अशा एचवाल्या शब्दांची यादी वेगळी असते आणि शब्दकोशात त्यांच्यावर खूण असते. ती बघायची सवय लावली की काम भागतं.

दोन्ही 'सेत'चा उच्चार अगदी सारखा आहे, हे पहिल्याच तासाला सांगायला हवं. 'सेतोरांज' कानाने ऐकून संत्रं पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे कळणार नाही. ओरांज स्त्रीलिंगी आहे हे माहीत असेल, तरच हात दुसरा टी आणि ई लिहील. श्रुतलेखनात चांगली मुलं इथे मार्क घालवतात आणि मग 'ऐकू नीट आलं नाही' म्हणतात. ऐकू नीटच आलेलं असतं.

अनेकवचनात फ्रेंच आपल्यापेक्षा सोपी आहे. आपण हे आंबे, ह्या मिरच्या, ही वांगी असे तीन भेद करतो. फ्रेंचला एकच 'से' पुरतो. 'से बानान', 'से पिमाँ'. पुढे स्वर आला की शेवटचा न उच्चारलेला एस 'झ' होऊन जोडला जातो, 'सेझोरांज', 'सेझार्ब्र'. विभक्तीचाही त्रास नाही. मराठीत 'हा माणूस'चं 'या माणसाला' होतं, फ्रेंचमध्ये 'आ सेतोम' म्हणताना 'सेत' जसाच्या तसा राहतो. आपल्या भाषेत याहून अवघड गोष्टी आपण रोज सहज करतो, हे ऐकल्यावर मराठी माध्यमातल्या मुलाची मान वर येते. मी ते प्रत्यक्ष पाहते.

मराठी दोन ठिकाणी मात्र फसवते, आणि मराठीतून शिकवणाऱ्याने ती ठिकाणं लपवू नयेत.

पहिलं ठिकाण जवळ-लांबचं. आपण 'हा' आणि 'तो' यांत कधी गल्लत करत नाही. फ्रेंचमध्ये 'स लिव्र' म्हणजे हे पुस्तकही आणि ते पुस्तकही. भेद करायचाच असेल तर नामानंतर 'सी' किंवा 'ला' लावतात. 'इसी' म्हणजे इथे, त्यातला 'सी', आणि 'ला' म्हणजे तिथे. हे असं का, तर जुन्या फ्रेंचमध्ये जवळच्यासाठी 'सिस्त' आणि लांबच्यासाठी 'सिल' अशा दोन वेगळ्या ओळी होत्या, दोन्ही लॅटिनच्या 'पाहा' अर्थाच्या शब्दाला जोडून झालेल्या. पुढे पहिली ओळ विशेषणांकडे गेली, दुसरी सर्वनामांकडे, आणि जवळ-लांबचा भेद पुसला गेला. मग तो भरून काढायला 'सी' आणि 'ला' जोडले गेले. मुलांना एवढा इतिहास सांगितला तर ती कंटाळत नाहीत, उलट लक्षात ठेवतात. बागायतदारांच्या घरची मुलं असली की मी केळीचा घड घेते. घडाला फ्रेंचमध्ये 'रेजीम' म्हणतात, पुल्लिंगी. 'स रेजीम-सी' हा घड, 'स रेजीम-ला' तो घड. फणीला 'माँ', म्हणजे हात, स्त्रीलिंगी: 'सेत माँ-सी'. बोलताना फ्रेंच लोक 'ला' कुठेही लावतात, समोरच्या वस्तूलाही, हेही सांगते.

वेळ सांगताना हे शब्द सतत लागतात. 'आज सकाळी' म्हणायला मराठी मुलं 'आज'चा शब्द आणि 'सकाळ'चा शब्द एकत्र ठेवतात. फ्रेंच माणूस 'स माताँ' म्हणतो. आज संध्याकाळी 'स स्वार', यंदा 'सेत आने'. 'सेत न्वी' म्हणजे क्रियापदाच्या काळाप्रमाणे कालची रात्र किंवा आजची. 'त्या दिवशी'ला 'स जूर-ला' आणि 'हल्ली'ला 'से जूर-सी' म्हणतात, इथे मराठी पुन्हा उपयोगी पडते.

दुसरं ठिकाण सर्वनामाचं. 'हा आंबा गोड आहे' आणि 'हा गोड आहे', दोन्हीकडे आपला शब्द एकच. फ्रेंचमध्ये नामाशिवाय 'स' किंवा 'सेत' हे विशेषण एकटं उभं राहत नाही, तिथे 'सल्वी-सी', 'सेल-सी' अशी सर्वनामं लागतात. इंग्रजीचा तक्ता इथेही तितकाच फसवा आहे, कारण इंग्रजीतही दोन्हीकडे शब्द एकच. पण मराठीच्या शाळेच्या व्याकरणात आपण दर्शक सर्वनाम आणि सार्वनामिक विशेषण हा फरक शिकलेलो असतो. तो धडा पुन्हा उघडला, 'पुढे नाम आहे का?' एवढं विचारलं, की झालं. मराठी व्याकरणाच्या तासाचा उपयोग काय, असं विचारणाऱ्या पालकांना मी हेच उदाहरण देते.

हे सगळं मी तावातावाने लिहिते आहे त्याला कारण आहे. गेल्या वर्षी एका खासगी क्लासमधून एक मुलगा माझ्याकडे आला. चोपड्याकडचा, गणितात उत्तम, संस्कृतात उत्तम. त्याला तिथे सांगितलं होतं की आधी इंग्रजी सुधारून ये, मग फ्रेंच घे. त्याने वर्ष वाया घालवून इंग्रजीचा क्लास लावला होता. माझ्याकडे महिन्याभरात तो 'सेतार्ब्र' आणि 'स पती आर्ब्र' यांतला फरक दुसऱ्यांना समजावू लागला. त्याला फ्रेंच शिकायला इंग्रजीची गरज नव्हती. शिकवणाऱ्याला शिकवायला होती. इंग्रजीचा फ्रेंचला उपयोग नाही असं मी म्हणत नाही. हजारो शब्द दोन्हीकडे सारखे आहेत आणि शब्दसंग्रह वाढवताना ते फार कामी येतात. पण लिंग, वचन, विशेषणांचं जुळणं इथे इंग्रजीकडून काही मिळत नाही, उलट नुकसान होतं.

कुणी म्हणेल, परीक्षा तर इंग्रजीतून असते ना? डेल्फच्या प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनासुद्धा फ्रेंचमध्ये असतात, अगदी पहिल्या ए-1 पातळीला. शंभर गुण, पास व्हायला पन्नास, आणि ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारही भागांत पंचवीसपैकी किमान पाच. इंग्रजीचा त्यात संबंधच येत नाही. बोलण्याच्या भागात दुकानात खरेदी करण्यासारखा एक प्रसंग वठवायचा असतो, आणि तिथे बोट दाखवून 'हे द्या, ते नको, हे केवढ्याला' म्हणावंच लागतं. म्हणजे आपला हाच धडा. गोलाणी मार्केटला भाजी घेणारी मुलं हा प्रसंग इंग्रजी मनात न आणता करू शकतात.

खानदेशाला फ्रेंच कशाला, असंही विचारलं जातं. जळगावच्या केळीला आणि भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. कापूस आपलं पीक. पश्चिम आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, बेनिन या कापूस पिकवणाऱ्या देशांत, केळी निर्यात करणाऱ्या आयव्हरी कोस्ट आणि कॅमेरूनमध्ये व्यापाराचा कारभार मोठ्या प्रमाणावर फ्रेंचमध्ये चालतो. कापूस आणि केळीची जाण असलेला, फ्रेंच बोलणारा मुलगा पुण्या-मुंबईत सहज मिळणार नाही, तो आमच्याकडे मिळेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर देता येतील अशा परदेशी भाषांमध्ये फ्रेंचचं नाव आहे. ती आमच्या तालुक्यांपर्यंत पोहोचायची असेल तर इंग्रजीच्या दारातून येऊ देऊन चालणार नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयांतल्या फ्रेंचच्या शिक्षकांनी व्याकरणाचे तास मराठीतून घ्यावेत, आणि वर्गात अहिराणी किंवा लेवा बोलणारी मुलं असतील तर त्यांच्या बोलीतली उदाहरणं फळ्यावर येऊ द्यावीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने पुढाकार घेऊन मराठीतून फ्रेंच व्याकरणाची एक छोटी पुस्तिका तयार करवून घ्यावी, किमतीला स्वस्त, उदाहरणं इथली. तोपर्यंत लिंग, दर्शक विशेषणं, स्वामित्वदर्शक विशेषणं आणि विशेषणांचं जुळणं या चार धड्यांच्या माझ्या मराठी टिपणांच्या वह्या तयार आहेत. जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, झेरॉक्स काढून देईन. त्यात चुका आढळल्या तर त्याही कळवाव्यात, म्हणजे पुढच्या प्रतीत दुरुस्त करता येतील.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका, जळगाव